चारक आणि बंधनागार
निकालापूर्वींच्या बंदिवासाविषयीं कांहीं विचार

१

अपराध सिद्ध झाल्यावर भोगावयाचा बंदिवास व अपराध सिद्ध होण्यापूर्वीं सोसावा लागणारा बंदिवास या दोन वस्तु भिन्न आहेत, हें तत्त्व आपल्या देशांत नवें नाहीं. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या प्रकारच्या बंदिवासाचा, त्यांतहि तेथील दाटी व अस्वच्छता यांचा, जुन्या ग्रंथांच्या व इतिहासाच्या आधारें विचार करण्याचें योजिलें आहे.

पिरंगुट हें गांव पुण्याहून पौडास व पुढें ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. या मुळशी खोऱ्यांतील एखादा मनुष्य आरोपावरून धरला गेला, तर पहिल्या रात्री पोलीस ठाण्याच्या कोठडींत व न्यायालयीन कोठडीचा हुकूम झाल्यावर पुढचे दिवस येरवड्यास, असा त्याचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. गांवांत त्याविषयीं एकच वाक्य बोललें जातें: ‘तो आंत गेला.’ दोष ठरून गेला कीं ठरण्यापूर्वीं गेला, हा भेद त्या वाक्यांत उरत नाहीं. कारागृहाच्या दप्तरांत मात्र तो स्पष्ट आहे. तेथें एकास ‘सिद्धदोष बंदी’ म्हणतात, दुसऱ्यास ‘न्यायाधीन बंदी’; लोकांच्या तोंडीं पक्का कैदी व कच्चा कैदी. न्यायशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें, तर पहिल्याच्या ठायीं दोष सिद्ध आहे, दुसऱ्याच्या ठायीं तो अद्यापि साध्य आहे. साध्यास सिद्ध समजून पुढें जाणें हा तर्कांतील दोष होय. व्यवहारांत तीच चूक मनुष्याच्या देहावर होते.

प्रतिपाद्य थोडक्यांत असें. निकालापूर्वींच्या कोठडींत मनुष्याच्या झोपेस, अन्नास, शौचास व हालचालीस अडथळा होतां कामा नये, हा नियम आपल्या अर्थशास्त्रकारांस व स्मृतिकारांस ठाऊक होता. इंग्रजी अमदानीच्या कायद्यांतहि तो निराळ्या शब्दांनीं आला. आजच्या राज्यघटनेखालीं तो सर्वोच्च न्यायालयानें वारंवार सांगितला. नियमाची उणीव कधींच नव्हती. कोठडी भरते ती मुख्यतः दोन कारणांनीं: निकालाच्या विलंबानें, आणि जामीन न मिळणाऱ्या दारिद्र्यानें. हीं दोन कारणें दूर केल्यावांचून भिंती वाढविल्या, तर वाढलेली जागाहि भरते.

२

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सन्निधात्यानें कोणकोणत्या वास्तु बांधाव्या तें सांगितलें आहे. कोशगृह, पण्यगृह, कोष्ठागार, कुप्यगृह, आयुधागार आणि बंधनागार अशी ती मालिका आहे. बंधनागारांत स्त्रिया व पुरुष यांच्या जागा वेगळ्या असाव्या व कक्षा सुरक्षित असाव्या, असें सांगून ग्रंथकार पुढें या सर्वच वास्तूंस लागू असणारी एक यादी देतो. शाला, विहीर, शौचकूप, स्नानगृह, अग्नि व विष यांपासून संरक्षण, उंदीरसापांच्या बंदोबस्तासाठीं मांजरें व मुंगुस, आणि देवतेच्या पूजेची सोय, या गोष्टी तींत येतात. शौचकूप व स्नानगृह हीं बंधनागाराच्या आराखड्यांतच आलीं, मागाहून दयाबुद्धीनें जोडलीं गेलीं नाहींत, एवढें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

याहून महत्त्वाचा उल्लेख चौथ्या अधिकरणांत, कंटकशोधनांत, आहे. अधिकाऱ्यांच्याच अपराधांचा जेथें विचार केला आहे, तेथें ‘चारक’ व ‘बंधनागार’ असे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. चारकांतून ‘अभियुक्त’ मनुष्यास परस्पर सोडून देणाऱ्यास मध्यम साहसदंड व शिवाय अभियोगाची रक्कम भरणें. बंधनागारांतून सोडून देणाऱ्यास सर्वस्वहरण व वध. दोन शिक्षांतील हें अंतर पाहतां चारक ही आरोपीची कोठडी व बंधनागार हा त्याहून भारी बंदिवास, असा अर्थ घेणें युक्त दिसतें. ज्या भेदास आपण आज न्यायाधीन व सिद्धदोष म्हणतों, त्याचें बीज येथें आहे.

याच प्रकरणांत असा नियम आहे कीं, चारकांत किंवा बंधनागारांत कोंडलेल्या मनुष्याच्या निजण्यास, बसण्यास, भोजनास, मलमूत्रविसर्जनास व हिंडण्याफिरण्यास जो अडथळा करील, त्यास तीन पणांपासून तीन-तीन पणांनीं चढता दंड व्हावा. आणि तो दंड करणाऱ्यास व करविणाऱ्यास, दोघांसहि व्हावा. येथें मलविसर्जनास ‘उच्चार’ हा शब्द आहे. शौचास जाऊं न देणें हा दंडनीय अपराध होय, आणि हुकूम देणारा वरिष्ठ त्यांतून सुटत नाहीं, असें इतक्या स्पष्टपणें सांगणारें वचन प्राचीन ग्रंथांत विरळाच. पुढें बंधनागाराध्यक्षासाठीं दंडांची चढती श्रेणी आहे: न कळवितां कोंडलेल्यास बाहेर हिंडविलें तर २४ पण, काम करविलें तर त्याच्या दुप्पट, जागा बदलली किंवा अन्नपाणी रोखलें तर ९६ पण, छळ केला किंवा लांच घेतली तर मध्यम साहसदंड, आणि प्राण घेतला तर १००० पण.

हीं वचनें वाचून प्राचीन काळीं सर्वत्र सुखाचें राज्य होतें असें अनुमान काढणें मात्र इतिहासाच्या शिस्तीस सोडून होईल. शास्त्रग्रंथ नियम सांगतो, वर्तन सांगत नाहीं. उलट ज्या कृत्यास दंड सांगितला, तें कृत्य घडत असलें पाहिजे. अन्नपाणी रोखणें, लांच घेणें, शौचास अडविणें हे प्रकार होत होते, म्हणूनच दंडांची श्रेणी लिहावी लागली. कौटिल्यानें या छळास ‘परिक्लेश’ म्हटलें आहे. अशोकाच्या धौली व जौगड येथील स्वतंत्र कलिंगलेखांत नगरव्यावहारिकांस जी ताकीद आहे, तींतहि अकारण बंधन व अकारण परिक्लेश होऊं देऊं नये, असा तोच शब्द प्राकृत रूपानें येतो. ग्रंथांतील पारिभाषिक शब्द शिलालेखांतील राजाज्ञेंत सांपडावा, हें प्रश्न खरोखरीचा होता याचें गमक मानावयास हरकत नाहीं.

दाटीवर कौटिल्याचा उपाय कोणता? दुसऱ्या अधिकरणाच्या शेवटीं, नागरिकाच्या कर्तव्यांत, तो सांगतो कीं राजाच्या जन्मनक्षत्रीं व पौर्णिमेस बाल, वृद्ध, व्याधित व अनाथ अशा बंदींस सोडावें. आणि रोज, निदान दर पांच रात्रींनीं, बंदींचा हिशेब करून काम, देहदंड किंवा द्रव्य यांपैकीं एका मार्गानें त्यांची मोकळीक करावी. देहदंडाचें समर्थन आज कोणी करणार नाहीं. परंतु पांच रात्रींची मुदत विचारार्ह आहे. बंदिशाळा मोठी करावी असें ग्रंथकार म्हणत नाहीं. ती वरचेवर रिकामी करावी असें म्हणतो. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत राज्याभिषेकापासून २६ वर्षांत २५ वेळां बंधनमोक्ष केल्याचें नमूद आहे. तोहि याच विचारसरणीचा दाखला होय.

३

आतां दुसरें कारण, जामिनाचें. ‘जामीन’ हा शब्द अरबींतून फारसीच्या द्वारें मराठींत आला. मूळांत त्याचा अर्थ हमी घेणारा मनुष्य असा आहे, व जुन्या मराठी कागदांतहि तो त्याच अर्थीं येतो. अमक्यास जामीन राहिला, म्हणजे अमक्यासाठीं एक जिवंत मनुष्य उभा राहिला. आज आपण ‘जामीन मंजूर झाला’ म्हणतों तेव्हां मनुष्य मागें पडून हुकूम व रक्कम पुढें येतात. शब्दाच्या अर्थाचा हा प्रवास केवळ भाषेचा नाहीं. संस्थेच्या स्वरूपांतील पालट त्यांत उमटला आहे.

संस्कृतांत याच व्यक्तीस ‘प्रतिभू’ म्हणतात. याज्ञवल्क्यानें प्रतिभूचे तीन प्रकार सांगितले: हजर करण्याबद्दलचा, विश्वासाबद्दलचा व द्रव्य देण्याबद्दलचा. यांपैकीं पहिला, दर्शनप्रतिभू, हा आजच्या फौजदारी जामिनाचा पूर्वज होय. खटला चालू होतांना वादी व प्रतिवादी या उभयतांकडूनहि समर्थ प्रतिभू घ्यावा, असा याज्ञवल्क्याचा नियम आहे. ज्यास प्रतिभू मिळत नाहीं त्याचें काय? मिताक्षरेंत उद्धृत केलेलें कात्यायनवचन सांगतें कीं, अशा मनुष्यास राखणीत ठेवावें व दिवसाच्या शेवटीं राखणदाराचें वेतन त्यानेंच द्यावें. ज्याच्यासाठीं कोणी उभा राहत नाहीं तो राखणींत, आणि राखणीचा खर्चहि त्याच्याच माथीं. दरिद्री मनुष्य निकालापूर्वींच बंदी होतो, हें आजचें गाऱ्हाणें कात्यायनाच्या काळाइतकें जुनें आहे.

परंतु स्मृतिकारांनीं या राखणीस मर्यादाहि घातल्या. प्रतिवादीस जागेवर, वेळेपुरतें, प्रवासापासून किंवा कामापासून रोखून धरण्यास ‘आसेध’ म्हणतात. नारदानें त्याचे हे चार प्रकार सांगून आसेध कोणास करूं नये याची यादी दिली आहे. रोगी, यज्ञास बसलेला, संकटांत सांपडलेला, विवाहास सिद्ध झालेला, गुरें चारणारा गोपाल, पेरणीच्या वेळचा शेतकरी, कामांत गुंतलेला कारागीर, युद्धास उभा असलेला शिपाई, अशीं माणसें तींत येतात. तात्पर्य असें कीं, अद्यापि न ठरलेल्या दाव्यापायीं मनुष्याचा हंगाम बुडवूं नये. आणखी एक स्मृतिवचन निबंधग्रंथांतून आढळतें. त्याचा आशय असा कीं, इंद्रियांस कोंडून, बोलणें व श्वासोच्छ्वास यांस अडथळा करून जो आसेध करील तोच दंडास पात्र. असा आसेध मोडणारा दोषी नव्हे. श्वास कोंडेल अशा अडकवणुकीस कायद्याचें बळ नाहीं, असें हें वचन म्हणतें.

मराठी अमदानींत न्यायसभा बसण्यापूर्वीं उभय पक्षांकडून राजीनामे व जामीनकतबे घेण्याची पद्धति होती. हाजीर-जामीन हा त्या व्यवहारांतला नेहमींचा शब्द. गांवचा पाटील, भाऊबंद, गोत, यांच्या हमीवर बराच कारभार चाले. मोठे राजकीय बंदी गडांवर ठेवीत. आमच्या मुळशी खोऱ्याच्या पश्चिम टोंकाचा घनगड पेशवाईंत बंदिवासासाठीं वापरीत अशी प्रसिद्धि आहे. या पद्धतींतहि दोष होते. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ च्या आपल्या वृत्तांतांत पंचायतींच्या दिरंगाईविषयीं लिहिलें आहे. तथापि हमी ही माणसाची होती व ती गांवांतच मिळण्यासारखी होती, एवढा विशेष त्यांत होता.

४

पेशवाई गेल्यावर पुण्यांत जें स्थित्यंतर झालें, त्याचें एक चित्र बिशप हेबर याच्या १८२५ च्या प्रवासवृत्तांत आहे. शनिवारवाड्याच्या तळमजल्यावर बंदिशाळा, पहिल्या मजल्यावर दवाखाना, दुसऱ्यावर वेड्यांचें इस्पितळ, अशी त्या वेळची व्यवस्था होती. तीन वर्षांनीं, फेब्रुवारी १८२८ मध्यें, वाडा जळाला. राहण्यासाठीं बांधलेली वास्तु बंदिशाळा म्हणून वापरणें हा त्या काळचा सार्वत्रिक प्रकार होता; आणि अशा वास्तूंत शौचकूपांची व हवेची सोय बंदींच्या संख्येच्या मानानें कोठून असणार?

कंपनी सरकारनें मेकॉलेच्या सूचनेवरून १८३६ मध्यें तुरुंगांच्या शिस्तीविषयीं कमिटी नेमली. तिचा वृत्तांत १८३८ मध्यें आला. १८६४ मध्यें दुसरी कमिटी बसली. तुरुंगांतील मृत्यूंचें प्रमाण हा तिच्यापुढचा मुख्य प्रश्न होता. तिनें प्रत्येक बंदीस किमान ५४ चौरस फूट जागा व ६४० घनफूट हवा असावी असें माप सुचविलें. येरवड्याचा तुरुंग १८७१ चा, म्हणजे या विचारमंथनानंतरचा. पुढें १८९४ चा तुरुंगांचा कायदा झाला. त्यांत न ठरलेल्या आरोपींस ठरलेल्या अपराध्यांपासून वेगळें ठेवावें, त्यांस स्वतःचें अन्न व वस्त्र बाहेरून आणवितां यावें, आणि बंदी जागेपेक्षां अधिक झाले किंवा सांथ आली तर तात्पुरत्या तुरुंगांची सोय करावी, अशीं कलमें आहेत. म्हणजे दाटी होईल हें कायदा करणारांस दिसत होतें. तिच्यासाठीं त्यांनीं कलमहि लिहून ठेवलें होतें.

निकालापूर्वींच्या बंदिवासाचें राजकीय महत्त्व पुण्यास लौकरच कळून आलें. वासुदेव बळवंत फडके यांस जुलै १८७९ मध्यें देवर नावदगी येथें धरून पुण्यास आणलें, व संगमाजवळच्या कोठडींत ठेवून त्यांच्यावर खटला चालविला. १८९७ मध्यें लोकमान्य टिळकांस २७ जुलै रोजीं अटक झाली. जामिनाचे आरंभींचे अर्ज फेटाळले गेल्यावर मुंबईच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं ४ ऑगस्ट रोजीं जामीन दिला. त्या अर्जाच्या वेळीं टिळकांची बाजू मांडणारे दिनशा दावर १९०८ मध्यें न्यायासनावर होते. तेव्हां मात्र त्यांनींच टिळकांस जामीन नाकारला. एकाच मनुष्याच्या बाबतींत, एकाच स्वरूपाच्या आरोपावर, अकरा वर्षांच्या अंतरानें दोन उलट हुकूम झाले. टिळकांपाशीं वकील होते, द्रव्य उभें करणारे मित्र होते, आणि साऱ्या देशाचें लक्ष होतें. ज्याच्यापाशीं यांतलें कांहींच नाहीं, त्याचें काय होत असेल याची कल्पना यावरून करावी.

या खोऱ्यानें तो अनुभव १९२१ मध्यें घेतला. टाटा कंपनीच्या मुळशी येथील धरणाविरुद्ध त्या वर्षीं रामनवमीस, १६ एप्रिल रोजीं, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. अटका, खटले व शिक्षा यांचें सत्र पुढें तीन वर्षें चालू राहिलें, आणि येरवडा हें नांव मावळांत घरोघर झालें. धरण अखेर झालेंच. येथें एक गोष्ट नारदाच्या वचनाशीं ताडून पाहण्यासारखी आहे. मुळशीचा मुलूख भाताचा. आंबेमोहोराची त्याची ख्याति. चैत्र-वैशाखांत दाढ भाजावयाची, मृगांत रोप टाकावयाचें, आषाढांत लावणी करावयाची. यांतला एक पंधरवडा चुकला तर वर्ष चुकतें. पेरणीच्या वेळीं शेतकऱ्यास अडकवूं नये असें नारदानें सांगितलें तें या हिशेबानें. ज्याच्यावर दोष ठरावयाचा आहे त्यास कोठडींत ठेवलें, म्हणजे शिक्षा त्याच्याबरोबर त्याच्या शेतास व घरांतील माणसांसहि होते, आणि पुढें तो निर्दोष ठरला तरी बुडालेला हंगाम कोणी परत देत नाहीं.

५

१९५० च्या राज्यघटनेनें अटक झालेल्यास चोवीस तासांच्या आंत दंडाधिकाऱ्यापुढें उभें करण्याचा नियम २२ व्या अनुच्छेदांत घातला. २१ व्या अनुच्छेदांत जीवित व स्वातंत्र्य यांचें रक्षण केलें. या दोन अनुच्छेदांच्या आधारें सर्वोच्च न्यायालयानें जे निर्णय दिले, त्यांतील कांहींचा उल्लेख येथें पुरे.

१९७८ मध्यें मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणांत खालच्या न्यायालयानें १०,००० रुपयांचा जामीन मागितला होता, व जामीन राहणारा भाऊ आणि त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यांतील म्हणून तो नाकारला होता. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं तो हुकूम रद्द केला. प्रतिभू समर्थ असावा या याज्ञवल्क्याच्या अटीचा अर्थ केवळ पैशानें समर्थ असा घेतला, म्हणजे काय होतें याचा हा नमुना होय. १९७९ मध्यें हुसेनारा खातून प्रकरणांत बिहारच्या तुरुंगांतील अशा बंदींची हकीकत पुढें आली कीं, आरोप सिद्ध होऊन जी कमाल शिक्षा झाली असती तिच्याहूनहि अधिक काळ ते निकालाची वाट पाहत पडले होते. न्यायमूर्ति भगवती यांनीं त्वरित न्याय हा २१ व्या अनुच्छेदांतील हक्क ठरविला. १९९६ मध्यें राममूर्ति प्रकरणांत तुरुंगांच्या प्रश्नांची जी यादी न्यायालयानें केली, तींत दाटी पहिली व खटल्यांचा विलंब दुसरा होता. २००५ च्या दुरुस्तीनें, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आंत घालविलेल्या न्यायाधीन बंदीस सोडण्याचें कलम फौजदारी प्रक्रिया संहितेंत आलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें पहिल्यानेंच आरोप झालेल्यासाठीं ती मुदत एकतृतीयांशावर आणली.

इतकें झाल्यावर स्थिति काय? सरकारी नोंदीप्रमाणें २०२२ च्या अखेरीस देशांतील तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची जागा होती व ५,७३,२२० जण होते. त्यांपैकीं ४,३४,३०२, म्हणजे शंभरांत सुमारें शहात्तर, न्यायाधीन होते. हे दोन आंकडे शेजारी ठेवून वाचकांनीं पाहावें. सर्व न्यायाधीन बंदींची संख्या व सर्व तुरुंगांची क्षमता या जवळ जवळ समान आहेत. ज्यांचा दोष ठरला आहे केवळ त्यांच्यासाठीं हे तुरुंग वापरले असते, तर तीन भागांपैकीं दोन भाग रिकामे पडले असते. येरवड्याची क्षमता सुमारें अडीच हजारांची. अलीकडच्या वर्षांत तेथें तिच्या दुपटीहून अधिक माणसें राहिलीं आहेत.

या आंकड्यांचा देहाशीं संबंध असा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श तुरुंग नियमपुस्तिकेंत बराकींतील प्रत्येकास ३.७१ चौरस मीटर, म्हणजे सुमारें ४० चौरस फूट जागा, आणि रात्रीसाठीं दहा जणांमागें एक शौचकूप असें माप आहे. १८६४ च्या कमिटीचें माप ५४ चौरस फुटांचें होतें. दीडशें वर्षांत तें कागदावरहि वाढलें नाहीं. आतां बराकींत दुप्पट माणसें घातलीं, तर प्रत्येकाच्या वांट्यास २० चौरस फूट येतात: लांबी सहा फूट धरली तर रुंदी सव्वातीन फुटांच्या आसपास. त्यांतच अंथरूण, त्यांतच भांडें, त्यांतच कपडे, आणि निजलेल्यांच्या मधून शौचास जाण्याची वाट. शौचकूप दहांऐवजीं वीस जणांमागें एक होतो. पहांटे रांग लागते, पाणी संपतें, खरूज व अतिसार एकापासून दुसऱ्यास लागतात. शय्या, आसन, भोजन, उच्चार, संचार, या ज्या पांच गोष्टींच्या अडथळ्यास कौटिल्यानें दंड सांगितला, त्या पांचहि गोष्टींस येथें अडथळा होतो. अधिकारी दुष्ट असावा लागत नाहीं. संख्याच तें काम करते. मग ‘करविणारा’ कोण, हें मात्र ठरेनासें होतें.

सिद्धदोष बंदीशीं तुलना केली म्हणजे विपरीत प्रकार दृष्टीस पडतो. त्यास काम असतें, कामाची मजुरी असते, चांगल्या वर्तनाबद्दल शिक्षेंत सूट असते, नियमाप्रमाणें रजा मिळूं शकते, आणि सुटकेचा दिवस ठाऊक असतो. न्यायाधीन बंदीस यांतलें कांहीं नाहीं. त्यास शिक्षा झालेली नाहीं म्हणून काम नाहीं, व काम नाहीं म्हणून मजुरी नाहीं. शिक्षाच नाहीं तर सूट कशांत द्यावयाची? १८९४ च्या कायद्यानें त्यास घरचें अन्न व वस्त्र यांची सवलत दिली. पण ज्याचें घरच त्याच्या कमाईवर चालत होतें, त्यास त्या सवलतीचा उपयोग काय? अशा स्थितींत, न केलेला गुन्हाहि कबूल करून भोगलेल्या दिवसांत शिक्षा वळती करून घ्यावी आणि घरीं जावें, असा विचार एखाद्याच्या मनांत आला तर त्यास दोष देतां येत नाहीं. परंतु तेथें न्यायाचा हेतु मात्र बुडाला.

सांथीच्या वर्षीं या गोष्टीची परीक्षाच झाली. मार्च २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें प्रत्येक राज्यांत उच्चाधिकार समिति नेमावयास सांगितलें. महाराष्ट्रांत त्या वेळीं पस्तीस हजारांच्या आसपास बंदी होते. त्यांपैकीं सुमारें १७,००० जणांस तात्पुरतें सोडण्याचा निर्णय मे महिन्यांत झाला. त्याच महिन्यांत मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगांत शंभरांहून अधिक जणांस रोगाची बाधा झाल्याचें आढळलें. जें वर्षानुवर्षें अशक्य म्हटलें जात होतें, तें कांहीं आठवड्यांत ठरवितां आलें. मात्र सर्वांसच ती वाट मिळाली नाहीं. पुण्यांत आरंभ झालेल्या कोरेगांव भीमा प्रकरणांतील एक आरोपी, ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी, कंपवातानें पीडित असतां ५ जुलै २०२१ रोजीं मुंबईच्या रुग्णालयांत न्यायाधीन अवस्थेंतच वारले. त्यांच्यावरील आरोपांचें सत्यासत्य हा या लेखाचा विषय नव्हे. तें आतां कोणत्याहि न्यायालयांत ठरणार नाहीं, एवढाच येथें मुद्दा आहे. वृद्ध व व्याधित यांस आधीं सोडावें, हा कौटिल्याचा नियम अशा वेळीं आठवतो.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, गंभीर आरोप असलेल्यास मोकळें सोडणें समाजास धोक्याचें आहे. हें खरें आहे, व म्हणूनच कोणत्याहि शास्त्रकारानें चारक बंद करण्यास सांगितलें नाहीं. साक्षीदारांस धाक घालणारा किंवा पळून जाणारा मनुष्य रोखलाच पाहिजे. परंतु रोखणें व सडविणें यांत भेद आहे. धोका असलेला मनुष्यहि शौचकूप व हवा यांचा अधिकारी राहतो. दुसरा आक्षेप असा कीं, नवे तुरुंग बांधले म्हणजे प्रश्न सुटेल. तुरुंग अवश्य बांधावे. शंभर वर्षांपूर्वींच्या बराकींत आज कोणास ठेवूं नये. पण हौदास छिद्र लहान व धार मोठी असेल, तर हौद मोठा केल्यानें तो भरावयास वेळ लागतो इतकेंच. १८३८ पासून आजवर जागा पुष्कळ वाढली. तिच्यामागोमाग आंतील माणसेंहि वाढलीं.

उपाय जुनेच आहेत, व कायद्यांत नव्यानें लिहिलेलेहि आहेत. ५ फेब्रुवारी २०१६ च्या निर्णयांत सर्वोच्च न्यायालयानें प्रत्येक जिल्ह्यांतील पुनरावलोकन समितीनें दर तीन महिन्यांनीं बसून कोणास सोडतां येईल तें पाहावें असें सांगितलें. २०२३ मध्यें केंद्र सरकारनें, जामिनाची रक्कम भरतां न येणाऱ्या दरिद्री बंदीसाठीं ४०,००० रुपयांपर्यंत साहाय्याची योजना केली. कात्यायनानें राखणीचें वेतन ज्या निर्धनाकडून मागितलें, त्याचा जामीन राज्यानें भरावा, हा मोठाच पालट होय; त्याचें श्रेय दिलें पाहिजे. पण योजना तेव्हांच पोंचते, जेव्हां कोणी तरी कोठडींतील मनुष्याचें नांव, तारीख व कलम लिहून न्यायाधीशापुढें ठेवतो. पांच रात्रींच्या हिशेबाचें मर्म हेंच होतें: कोण आंत आहे, कां आहे, किती दिवस आहे, हें ठरलेल्या दिवशीं कोणीतरी मोठ्यानें वाचलें पाहिजे.

हें काम केवळ न्यायाधीशाचें समजूं नये. जामीन हा शब्द मूळांत मनुष्यवाचक आहे, हें वर दाखविलेंच आहे. पूर्वीं गांवांतला माणूस धरला गेला, तर पाटील व भाऊबंद हाजीर-जामीन राहत. आज पिरंगुटच्या आसपास कारखाने झाले आहेत, व दूरदेशींहून आलेले कामकरी येथें भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांपैकीं कोणी धरला गेला तर त्याचें गोत शेंकडों कोस दूर. जामीन राहण्यास त्याची मिळकत या जिल्ह्यांत नाहीं. मोतीराम गवंड्याची गोष्ट येथें कोणत्याहि दिवशीं घडण्यासारखी आहे. अशा मनुष्यासाठीं तालुक्याच्या विधिसेवा समितीकडे एक अर्ज करणें, त्याच्या धन्यानें किंवा शेजाऱ्यानें हमीस उभें राहणें, एवढें गांवच्या हातीं आहे. दोष ठरावयाचा तो न्यायालयांत ठरेल. तोंपर्यंत तो मनुष्य साध्यकोटींतला आहे, आणि त्याच्या झोपेचा, अन्नाचा, स्नानाचा व शौचाचा हिशेब आपणांकडे आहे.